गिरगावकर रसिकाची घडण

जमीनमहसुलाचे दफ्तर असते, इनामांच्या सनदा असतात, दिवाणी दाव्यांचे कागद शंभर वर्षांनीही रुमालांतून बाहेर निघतात. परंतु कचेरी सुटल्यावर एखाद्या सामान्य कारकुनाने काय वाचले, काय पाहिले आणि कोणाचे गाणे ऐकले, याची नोंद ठेवण्याचा शिरस्ता कोणत्याही अमदानीत नव्हता. त्यामुळे रसिकतेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास थोर लेखक, नट आणि गवई यांच्या चरित्रांवरच विसंबावे लागते, आणि ज्याने त्या सर्वांचा आस्वाद एकाच आठवड्यात घेतला तो वाचक, प्रेक्षक आणि श्रोता मात्र इतिहासाच्या पानांतून निसटतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील गिरगावाने असा एक मनुष्य घडविला. तो ग्रंथसंग्रहालयातून ‘गीतारहस्य’ नेई आणि ते परत करताना इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कादंबरीचे रूपांतर घेऊन येई. शनिवारी अमेरिकन मूकपट पाही, रविवारी संगीत नाटकास जाई आणि मधल्या एखाद्या रात्री चाळीच्या चौकात ख्याल ऐकत बसे. त्याच्या आवडींतील ही सरमिसळ काहींनी चंचलपणा म्हणून हिणविली, तर काहींनी तिचे श्रेय इंग्रजी विद्येस दिले. माझ्या मते ती मुख्यतः त्या वस्तीच्या रचनेतून निपजली होती.

धोबी तलावापासून ग्रँट रोडपर्यंतचा हा पट्टा पायी चालून जाण्यास फारसा वेळ लागत नाही. पण तेवढ्या अंतरात पुस्तके, पडदा, रंगभूमी आणि गाणे ही चारही क्षेत्रे एकमेकांना खेटून उभी होती. एका टोकाला गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांचे कूड, म्हणजे सामायिक बिऱ्हाडे, दुसऱ्या टोकाला पारशी व मराठी नाटक मंडळ्यांची थिएटरे, आणि मध्ये कोकणातून व देशावरून आलेल्या पांढरपेशा कुटुंबांच्या चाळी, अशी ही मांडणी होती. ट्रामचे भाडे वाचवून पायी हिंडणाऱ्या, बेताच्या पगाराच्या मनुष्यासही येथे एका संध्याकाळी दोन-तीन निरनिराळ्या जगांच्या उंबरठ्यांवरून जावे लागे.

वाचनापुरते पाहू. ठाण्यास 1893 मध्ये आणि मुंबईस 1898 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली, तेव्हा त्यांच्या संस्थापकांचा हेतू मातृभाषेतील ग्रंथसंपत्ती एकत्र करण्याचा होता; वाचकाची रुची कोणत्या वळणाने जाईल याचा बंदोबस्त करणे त्यांच्या हाती नव्हते. दरमहा अल्प वर्गणी भरणारा सभासद निबंध नेई, पोथी नेई आणि गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सवरून मराठीत आणलेल्या अद्भुतरम्य कथाही नेई. हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ 1890 पासून निघतच होते; काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 1895 मध्ये ‘मनोरंजन’ सुरू केले आणि 1909 मध्ये त्याचा दिवाळी अंक काढून मराठी वाचकास एक नवीच वार्षिक सवय लावली. त्या अंकाचे महत्त्व केवळ पहिलेपणाचे नाही. कथा, कविता, चित्रे आणि गंभीर लेख हे सारे एकाच वेष्टनात आणि एकाच किमतीत मिळू शकते, ही अपेक्षा त्याने घरोघरी रुजविली. आणि ज्याने वाचनात ही अपेक्षा बाळगली, त्याने ती करमणुकीच्या इतर प्रांतांतही बाळगावी हे स्वाभाविकच होते.

चलच्चित्रे मुंबईस प्रथम आली ती 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या वस्तीत. परंतु त्यांनी मूळ धरले ते गिरगावाच्या आसपास. याच भागातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि आपल्या पुराणपुरुषांना पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला, ही कथा सर्वश्रुत आहे. तीत एक गोष्ट मात्र दुर्लक्षिली जाते. तो चित्रपट पाहणारे फाळके जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, छायाचित्रण व शिळाछाप यांत मुरलेले, जादूचे प्रयोग करणारे आणि मिळेल ते तांत्रिक पुस्तक वाचून काढणारे गृहस्थ होते. इतक्या विद्यांची ज्याने चव घेतली होती, त्यालाच एका विलायती भक्तिपटातून ‘राजा हरिश्चंद्र’ सुचू शकला. तो चित्रपट 3 मे 1913 रोजी गिरगावातीलच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, आणि पुढे 14 मार्च 1931 रोजी पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ झळकला तोही गिरगावच्याच मॅजेस्टिकमध्ये. या दोन तारखांमधील अठरा वर्षांत येथील प्रेक्षकाने देशी पौराणिक पटांबरोबर विलायती पटही मुबलक पाहिले. कारण त्या काळी हिंदुस्थानात दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांत अमेरिकन चित्रपटांचाच भरणा मोठा होता.

गाण्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाची शाखा मुंबईस 1908 मध्ये निघाली आणि कुलीन गृहस्थाने शुल्क भरून गाणे शिकण्याची वहिवाट पडली. त्यांचेच शिष्य बी. आर. देवधर यांनी 1925 मध्ये ऑपेरा हाऊसजवळ ‘स्कूल ऑफ इंडियन म्युझिक’ काढले. देवधर स्वतः पाश्चात्य संगीताचेही अभ्यासक होते आणि एका घराण्याशी बांधून न घेता अनेक उस्तादांकडून चिजा मिळवीत असत. त्यामुळे त्यांच्या विद्यालयात निरनिराळ्या परंपरांचे गवई येऊन गात आणि ऐकणाऱ्यास तुलना करण्याचे भाग्य सहज लाभे. अल्लादियाँ खाँसाहेबांचे उत्तरायुष्य मुंबईतच गेले. गोव्याहून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांची विद्या याच शहरात त्यांच्या तालमीत परिपक्व झाली. 1893 पासून केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाल्यावर इतर चाळी-वाड्यांनीही तो मार्ग धरला, आणि ज्यास खासगी बैठकीचे आमंत्रण मिळण्याचा संभव नव्हता त्यास भाद्रपदात चांगले गाणे विनामूल्य मिळू लागले. 1902 मध्ये हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा तीन मिनिटांच्या तबकडीने उस्तादी ख्याल, नाटकातील पद आणि विलायती बँड यांना एकाच मापात बसविले. हॉटेलात चहाच्या एका पेल्याबरोबर हे सारे पाळीपाळीने कानांवर पडे. कांदेपोह्यांत दाणे कोणते आणि पोहे कोणते हे घासाघासाला निवडीत बसू नये, तसे त्या श्रोत्याचे झाले होते: त्याला भेद कळत होता, पण भेदासाठी तो ताट बाजूस सारीत नव्हता.

या घडणीचा परमोत्कर्ष पाहावयाचा तर केशवराव भोळे यांच्याकडे वळावे लागेल. 1896 साली जन्मलेले हे वऱ्हाडचे गृहस्थ वैद्यक शिकण्यासाठी मुंबईस आले. तो अभ्यास अपुरा राहिला, पण शहराने त्यांचे कान तयार केले. ‘वसुंधरा’ साप्ताहिकातून ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी तत्कालीन गायकांचे जे परखड परीक्षण केले, ते मराठी संगीतसमीक्षेचा पाया समजले जाते. 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवरून श्री. वि. वर्तकांनी ते रचले होते. त्यास संगीत देताना भोळ्यांनी नाट्यपदांच्या लांबलचक तानबाजीस फाटा देऊन मोजकी भावपूर्ण गीते योजिली. पुढे ‘प्रभात’ फिल्म कंपनीत त्यांनी 1936 च्या ‘संत तुकाराम’साठी अभंगांना ज्या चाली दिल्या, त्या वारकऱ्यासही परक्या वाटल्या नाहीत, आणि त्याच हाताने 1937 च्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटे यांच्या मुखी लाँगफेलोची इंग्रजी कविता घातली. ‘कुंकू’ची कथा ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य करून घड्याळाची टिकटिक व रोजच्या व्यवहारातील ध्वनी यांवर भिस्त ठेवलेली. मराठी कादंबरी, इंग्रजी काव्य, बोलपटाचे तंत्र आणि रागदारीने तयार झालेला कान या चौघांची गाठ एका कृतीत पडावी, आणि चाळीतील सामान्य प्रेक्षकाने ती विनातक्रार स्वीकारावी, हे त्या प्रेक्षकाची तयारी आधीच झालेली नसती तर घडले नसते. भोळे हे अपवाद होते ते प्रतिभेने. रुचीने ते आपल्या श्रोत्यांचेच सजातीय होते.

या रसिकतेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘राजा हरिश्चंद्र’मधील तारामती पुरुषाने रंगविली, कारण पडद्यावर येण्यास स्त्री मिळेना, आणि ज्या गायिकांच्या स्वरावर हा रसिक डोलत असे, त्यांच्या घरी उजळ माथ्याने जाण्याची त्याची तयारी नसे. त्याच्या घरातील स्त्रीस ‘मनोरंजन’ आणि 1930 नंतर किर्लोस्करांची ‘स्त्री’ हाती मिळाली. परंतु रात्रीची बैठक तिच्यासाठी नव्हती. लालबाग-परळच्या गिरणगावात तमाशा, भजन आणि शाहिरी यांचे जे समृद्ध जग नांदत होते, त्याकडे तर गिरगावचे पाऊल क्वचितच वळले. सर्व काही चाखतो असे समजणाऱ्या या मनुष्याच्या पानातही काही पदार्थ वाढलेच जात नव्हते, आणि ते का वाढले जात नाहीत असे त्याने फारसे विचारले नाही.

1952 नंतर केंद्रीय नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी शास्त्रीय संगीताच्या कैवारापोटी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांस आवर घातला, तेव्हा या जुन्या सवयीचे बळ देशास दिसून आले. श्रोत्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला, आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारला ‘विविध भारती’ सुरू करणे भाग पडले. केसकरांचा हेतू वाईट नव्हता. मात्र एक रुची वाढविण्यासाठी दुसरीची कोंडी करावी लागते हे त्यांचे गृहीत गिरगावच्या अर्धशतकाच्या अनुभवाशी विसंगत होते. तेथे ख्यालाचा श्रोता आणि बोलपटातील गाणे गुणगुणणारा माणूस पुष्कळदा एकच असे.

त्या वस्तीची मांडणी पुढे विसकटली. कुटुंबे दादर, पार्ले, डोंबिवलीकडे पांगली; मॅजेस्टिक सिनेमा पाडला गेला, आणि त्याचे नाव मिरविणारे केशवराव कोठावळे यांचे पुस्तकांचे दुकान व प्रकाशन तेवढे मागे राहिले. आज कोणासही घरबसल्या त्याहून शतपट अधिक वाचता, पाहता आणि ऐकता येते. पण जे आपल्याला आवडते असे आधीच ठाऊक आहे, तेच प्रत्येकाच्या पुढे येते. गिरगावकराला न आवडणारी गोष्टही वाटेत भेटत असे, भिंतीपलीकडून ऐकू येत असे आणि सवयीने आवडू लागत असे. बहुविध रुची ही व्यक्तीची कमाई आहे असे आपण मानतो. त्या वस्तीचा इतिहास सांगतो की ती बरीचशी शेजाराची देणगी असते, आणि ज्या समाजाला ती हवी असेल त्याने आधी ग्रंथालय, नाट्यगृह आणि गाण्याची जागा यांना एकमेकांचा शेजार मिळवून दिला पाहिजे.