अँटिस्पायवेअर आणि सिस्टीम फाइलींचे रक्षण

संगणकात गुपचूप शिरून माहिती बाहेर धाडणाऱ्या स्पायवेअरला संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकून राहायचे असते. त्यासाठी ते सिस्टीम फाइलींत, विंडोजच्या सेटिंग्जची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीत किंवा संकेतस्थळांची नावे-पत्ते जुळवणाऱ्या ‘होस्ट्स’ फाइलीत फेरफार करते. ओळखीचे स्पायवेअर अँटिस्पायवेअर बहुधा शिरतानाच अडवते. मूळ सिस्टीम फाइलींची राखण मात्र मुख्यतः ऑपरेटिंग सिस्टीमच करते, आणि ही गोष्ट विकत घेतलेल्या संरक्षणावर विसंबणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

विंडोज २००० मध्ये महत्त्वाच्या फाइलींच्या प्रती राखून ठेवण्याची सोय आली. कोणी फाइल बदलली की मूळ प्रत आपोआप परत बसे. विंडोज व्हिस्टापासून अशा फाइलींची मालकी ‘ट्रस्टेड-इन्स्टॉलर’ या अंतर्गत सेवेकडे गेली, त्यामुळे ॲडमिनिस्ट्रेटरलाही त्या सहज बदलता येत नाहीत. बिघाड झालाच तर ‘एसएफसी’ ही आज्ञा फाइली तपासून दुरुस्त करते. ‘होस्ट्स’ फाइल या कवचाबाहेर राहते, कारण ती वापरकर्त्याने बदलण्यासाठीच असते. अँटिस्पायवेअरचा खरा उपयोग अशाच जागी होतो. ‘स्पायबॉट’ या अँटिस्पायवेअरचा ‘टी-टायमर’ रजिस्ट्रीतील प्रत्येक संशयास्पद बदलापूर्वी परवानगी विचारत असे. पण प्रश्न सतत येऊ लागले की माणूस न वाचताच ‘हो’ म्हणतो, आणि तिथे पहारा संपतो.

पहारेकरी आणि चोर यांचे अधिकार सारखे असतील तर पहारा फार टिकत नाही. घरात किंवा दुकानात संगणक रोज ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातूनच चालवला, तर आत शिरलेल्या प्रोग्रॅमलाही तेच अधिकार मिळतात. काही हल्लेखोर सही असलेला पण सदोष ड्रायव्हर सोबत आणतात, कर्नलपर्यंत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यापर्यंत पोचतात आणि आधी संरक्षक प्रोग्रॅमच बंद पाडतात.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. सर्वोच्च अधिकार असलेला रक्षक चुकला तर सिस्टीम फाइलींचे नुकसान तोच करतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या संरक्षक सॉफ्टवेअरच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही मूळ फाइलच विषाणू ठरवली. अनेक संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

महाराष्ट्राचा या क्षेत्राशी संबंध जुना आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्ती करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस उभे केले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतले विषाणू काढण्याच्या गरजेतून हे काम सुरू झाले, म्हणजे बिघडलेल्या फाइली आधी हाताखालून गेल्या आणि उत्पादन नंतर आले. हा क्रम महत्त्वाचा वाटतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले.

महाराष्ट्रातीलच एक मोठी घटना न्हावा-शेवा बंदरातील. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला, मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या जाळ्यात शिरला आणि समूहाच्याच कंपनीने चालवलेल्या न्हावा-शेवातील टर्मिनलचे संगणकीय काम थांबले. नॉटपेट्या हे निव्वळ स्पायवेअर नव्हते, पण त्याच्या वागणुकीतून शिकण्यासारखे होते. तो संगणकातील पासवर्ड चोरून शेजारच्या यंत्रांवर जाई, कोणते संरक्षक सॉफ्टवेअर चालू आहे ते आधी तपासे, आणि ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळाले की डिस्कचा प्रारंभीचा भागच पुसून लिही. तो भाग ऑपरेटिंग सिस्टीम जागी होण्याच्याही आधीचा, म्हणून फाइलींवर ठेवलेला पहारा तिथे निरुपयोगी ठरतो. विंडोज ८ पासून आलेले ‘सिक्युअर बूट’ या आधीच्या टप्प्याची तपासणी करते.

 नॉटपेट्याच्या त्या दिवसांत न्हावा-शेवाच्या टर्मिनलवर कंटेनर हाताने नोंदवून सोडावे लागत होते.