क्रिप्टोग्राफी म्हणजे काय? कम्प्युटर सुरक्षेच्या पहिल्या वर्गात नेमकं काय शिकवतात?

व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन चॅट उघडलं की मेसेज ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड’ असल्याची सूचना दिसते. बहुतेक लोक ती न वाचताच पुढे जातात. कम्प्युटर सायन्स किंवा आयटी शिकणाऱ्या मुलांना मात्र या एका ओळीमागचं गणित समजून घ्यायला अख्खं सेमिस्टर लागतं. ‘क्रिप्टोग्राफी आणि नेटवर्क सिक्युरिटी’ किंवा अशाच नावाचा हा विषय देशोदेशीच्या विद्यापीठांत शिकवला जातो. त्यात काय असतं, आणि ज्यांना इंजिनीअर व्हायचं नाही त्यांनाही त्याचा उपयोग काय?

सुरुवात होते सीझरपासून

जवळपास प्रत्येक वर्गात पहिला धडा रोमन सेनापती ज्युलियस सीझरचा असतो. तो गुप्त निरोपातलं प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवायचा. मराठीत हेच करायचं तर ‘क’च्या जागी ‘घ’, ‘म’च्या जागी ‘ल’ आणि ‘ल’च्या जागी ‘ष’ येईल. म्हणजे ‘कमल’ लिहायचं असेल तर कागदावर ‘घलष’ उमटेल. ज्याला ‘तीन घरं’ हे माहीत आहे, तो मागे सरकवून मूळ शब्द वाचेल.

इथेच दोन मूलभूत शब्द कळतात. अक्षरं सरकवणं ही झाली पद्धत आणि ‘तीन’ हा आकडा म्हणजे चावी.

पण हे कुलूप फार तकलादू आहे. सगळ्या चाव्या एकेक करून लावून पाहिल्या तरी काही मिनिटांत काम होतं. अक्षरं कितीही अवघड पद्धतीने बदलली, तरी भाषेत काही अक्षरं जास्त वेळा येतात आणि काही कमी. कोणतं चिन्ह किती वेळा आलं हे मोजून मूळ मजकूर शोधता येतो, हे अल-किंदी या अरब विद्वानाने नवव्या शतकातच लिहून ठेवलं होतं.

गुपित कुठे ठेवायचं?

पुढचा धडा नवख्यांना उलटा वाटतो. आपली पद्धत कोणाला कळूच दिली नाही तर ती जास्त सुरक्षित राहील, असा आपला समज असतो. ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये याच्या नेमकं विरुद्ध मत मांडलं. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, सुरक्षितता फक्त चावी गुप्त राहण्यावर अवलंबून असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. दुकानात मिळणाऱ्या कुलपाची रचना सगळ्यांनाच माहीत असते, पण म्हणून तुमच्या घराचं कुलूप कोणालाही उघडता येत नाही.

मग चावी केवढी असावी? अमेरिकेने १९७७ मध्ये ‘डीईएस’ ही पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली. तिची चावी ५६ बिटची होती, म्हणजे शक्य असलेल्या चाव्या सुमारे ७२ हजार लाख कोटी. आकडा प्रचंड वाटतो, पण १९९८ मध्ये खास बनवलेल्या एका यंत्राने ही चावी तीन दिवसांच्या आत शोधून काढली. २००१ पासून तिची जागा ‘एईएस’ने घेतली. जोन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियमच्या दोन संशोधकांनी तयार केलेल्या या पद्धतीची चावी किमान १२८ बिटची असते. एक बिट वाढला की शक्य चाव्यांची संख्या दुप्पट होते. त्यामुळे ५६ वरून १२८ वर जाणं म्हणजे काही पटींची वाढ नाही, ७२ वेळा दुप्पट होणं आहे. ‘एईएस’ची पद्धत कोणालाही वाचता येते, आणि तरीही जगभर तिच्यावर भिस्त आहे.

न भेटता चावी कशी द्यायची?

मोठा पेच इथे आहे. पुण्यातल्या माणसाला टोरांटोतल्या बहिणीला गुप्त मेसेज पाठवायचा असेल तर चावी दोघांकडेही हवी. पण ती पाठवणार कशी? वाटेत कोणी चोरली तर सगळंच मुसळ केरात.

व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये यावर मार्ग दाखवला. पुढच्याच वर्षी एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ‘आरएसए’ पद्धत शोधली. हिच्यात प्रत्येकाकडे दोन चाव्या असतात. एक सगळ्या जगाला वाटायची आणि दुसरी स्वतःजवळ जपायची. पहिलीने बंद केलेलं फक्त दुसरीनेच उघडतं.

वर्गात हे छोट्या आकड्यांनी करून दाखवतात. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. गुणाकार ३३. जाहीर चावी आहे ३ आणि खासगी चावी ७. समजा ‘४’ हा आकडा गुप्तपणे पाठवायचा आहे. ४ चा घन ६४, त्याला ३३ ने भागलं की बाकी ३१ उरते. हाच झाला गुप्त मेसेज. आता ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागा. बाकी येते ४, म्हणजे मूळ आकडा परत मिळतो.

खासगी चावी काढायची तर ३३ चे अवयव माहीत हवेत. ३३ चे अवयव शाळकरी मूलही सांगेल. प्रत्यक्षात मात्र ही संख्या सहाशेहून जास्त अंकी असते. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करायला क्षणही लागत नाही, पण नुसत्या गुणाकारावरून त्या दोन संख्या परत शोधायला आजचे कम्प्युटर पुरे पडत नाहीत. सारी सुरक्षितता या एका फरकावर उभी आहे.

मूळ संख्यांच्या या गणितात भारताचंही नाव आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीने ठरवण्याची ‘एकेएस’ पद्धत आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये शोधली. त्यातले कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी होते.

पासवर्ड कुलूपबंद करत नाहीत, त्याचा चुरा करतात

चांगली वेबसाइट तुमचा पासवर्ड साठवतच नाही. ती त्याचा ‘हॅश’ साठवते. दाण्यांचं कूट करता येतं, पण कुटापासून पुन्हा दाणे होत नाहीत, तसंच हे. लॉगिन करताना तुम्ही टाकलेल्या पासवर्डचा पुन्हा हॅश काढतात आणि दोन्ही जुळतात का, ते पाहतात. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळा यावा म्हणून त्यात प्रत्येकासाठी वेगळी अक्षरं मिसळतात. या मिसळीला ‘सॉल्ट’, म्हणजे चक्क मीठ म्हणतात.

यातून एक साधी परीक्षा हाती लागते. ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर एखाद्या साइटने जुना पासवर्डच ईमेलने पाठवला, तर तो तिने वाचता येईल अशा रूपात ठेवला आहे. तिथला पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नये.

प्रयोग अंगाशी आला तेव्हा

हा विषय शिकवताना १९८८ ची एक घटना हमखास सांगतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्राम २ नोव्हेंबरला इंटरनेटवर सोडला. एखाद्या मशीनवर तो आधीच असला, तरी सातातून एकदा पुन्हा शिरायचं, असं त्यात लिहिलं होतं. हे प्रमाण फार जास्त ठरलं. एकेका मशीनवर प्रतींचा ढीग साचला आणि हजारो कम्प्युटर ठप्प झाले. मॉरिसला तुरुंगवास झाला नाही, पण कोर्टाने दोषी ठरवून तीन वर्षं देखरेखीखाली राहणं, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा दिली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

म्हणूनच विद्यार्थ्यांना हल्ल्याचे प्रयोग फक्त त्यासाठी तयार केलेल्या मशीनवरच करू देतात. भारतात परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कम्प्युटरमध्ये गैरहेतूने शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘सहज करून पाहिलं’ हा बचाव फारसा टिकत नाही.

गणित पक्कं, मग पैसे जातात कसे?

या विषयातला सर्वात उपयोगी धडा बहुधा शेवटी येतो. चोर सहसा ‘एईएस’ फोडायला जात नाही. तो तुम्हाला फोन करतो.

अ‍ॅड्रेसमध्ये ‘एचटीटीपीएस’ दिसलं म्हणजे वाट सुरक्षित आहे, वाटेत कोणी ऐकत नाही. पण वाटेच्या टोकाला बसलेला माणूस प्रामाणिक आहे का, हे त्यातून कळत नाही. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून बनवलेल्या खोट्या साइटलाही ‘एचटीटीपीएस’ मिळतं. तसंच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन मेसेज प्रवासात सांभाळतं, पण समोरच्याने स्क्रीनशॉट काढला किंवा तुमचा अनलॉक केलेला फोन कोणाच्या हाती गेला, तर ते काही करू शकत नाही.

म्हणून ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवावं. शक्य तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करावं. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.