पेंटियम एम
पेंटियम एम : लॅपटॉप संगणकासाठी इंटेल या अमेरिकन कंपनीने तयार केलेला अल्प शक्तिव्यय करणारा सूक्ष्मप्रक्रियक. तो मार्च २००३ मध्ये बाजारात आला. त्याचा अभिकल्प इझ्राएलमधील हैफा येथील केंद्रात मूली ईडन यांच्या नेतृत्वाखाली झाला. विकासकाळातील ‘बनियास’ हे त्याचे नाव गोलन टेकड्यांवरील प्राचीन स्थळावरून घेतलेले आहे.

तोपर्यंत मेजावरील संगणकाचाच प्रक्रियक थोडाफार सौम्य करून लॅपटॉपमध्ये बसविण्याची रीत होती. २००० साली आलेल्या पेंटियम ४ च्या बाबतीत ती अडचणीची ठरली. अधिकाधिक गिगॅहर्ट्‌झ गाठण्यासाठी त्यात प्रत्येक आज्ञेचे काम वीस टप्प्यांत विभागले होते. कंप्रतेचा आकडा जाहिरातीस सोयीचा होता. पण उष्णता वाढे आणि विद्युत् घटमाला लवकर उतरे. हैफा येथील अभियंत्यांनी जुन्या पेंटियम ३ च्या रचनेचा आधार घेऊन कमी कंप्रतेस अधिक काम करून घेण्याचा मार्ग पत्करला. कंपनीच्या तत्कालीन धोरणाच्या हा उलट होता.

ट्रँझिस्टरांच्या उघडझापेत खर्च होणारी शक्ती कंप्रतेच्या व विद्युत् दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते. १·६ गिगॅहर्ट्‌झच्या प्रक्रियकाला पूर्ण वेगात १·४८४ व्होल्ट लागत. काम हलके होताच कंप्रता ६०० मेगॅहर्ट्‌झवर आणि दाब ०·९५६ व्होल्टवर येई. या हिशेबाने शक्तिव्यय सु. एकषष्ठांश व्हावयास हवा. प्रत्यक्षात औष्णिक मर्यादा २४·५ वॉटवरून ६ वॉट, म्हणजे सु. एकचतुर्थांश होते. ट्रँझिस्टर स्वस्थ असतानाही होणारी प्रवाहाची गळती हे या तफावतीचे एक कारण होय. १३० नॅनोमीटर तंत्राने बनविलेल्या या प्रक्रियकात ७·७ कोटी ट्रँझिस्टर असून १ मेगॅबाइटची द्वितीय स्तराची कॅश स्मृती होती. तिचा आवश्यक तेवढाच भाग एका वेळी जागृत केला जाई. कार्यक्रमात पुढे कोणती शाखा घेतली जाईल याचे भाकितही सुधारले होते, कारण चुकीच्या भाकितामुळे केलेले काम टाकून द्यावे लागते व त्याबरोबर ऊर्जाही वाया जाते.

मे २००४ मध्ये ९० नॅनोमीटर तंत्राची ‘डोथन’ ही आवृत्ती निघाली. तिच्यात कॅश स्मृती दुप्पट, तर औष्णिक मर्यादा २१ वॉट होती. त्याच महिन्यात इंटेलने पेंटियम ४ च्या परंपरेतील ‘तेहास’ हा नियोजित प्रक्रियक रद्द केला. विक्रीसाठी गिगॅहर्ट्‌झऐवजी क्रमांक देण्याची पद्धतही डोथनपासून सुरू झाली; वर्षानुवर्षे आकड्यावर माल विकल्यावर तोच झाकण्याची पाळी आली, असे म्हणावयास हरकत नाही. जानेवारी २००६ मधील दोन गाभ्यांचा कोअर ड्युओ हा पेंटियम एमचाच विस्तार होता, आणि त्याच वर्षी आलेल्या कोअर २ मालिकेद्वारे हैफा येथील ही विचारसरणी मेजावरील संगणकांतही पोहोचली.