पाडायचं हे ठरवून बांधलेली जागा

आज ज्या इमारतीबद्दल बोलणार आहे, ती कधी उभीच राहिली नाही. तरीही गेल्या शतकातल्या कलाकेंद्रांचा इतिहास तिला वगळून सांगता येत नाही, असं माझं मत आहे.

१९६० च्या दशकाची सुरुवात. लंडनमध्ये जोन लिटलवुड या नाट्यदिग्दर्शिकेला एक वेगळीच जागा हवी होती. नाटक, गाणं, शिकणं, नुसतं उंडारणं, सगळं जिथे होईल अशी. सेड्रिक प्राइस या तरुण वास्तुविशारदाबरोबर त्यांनी 'फन पॅलेस' कल्पिला. प्राइस यांची रेखाटनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, ही इमारत कसली, ही तर जहाजं बांधायची गोदी! फार चुकलो नव्हतो. पोलादी सांगाडा तेवढा जागेवर, वर सरकत्या क्रेन. भिंती, मजले, रंगमंच क्रेनने उचलायचे आणि हवे तिथे ठेवायचे. आज सभागृह, उद्या कार्यशाळा. काय कुठे असेल ते आलेल्या लोकांनी ठरवायचं, वास्तुविशारदाने नव्हे. आणि साधारण १० वर्षांनी सांगाडाही उतरवायचा.

आपल्याकडे तमाशाचा फड गावोगाव तंबू ठोकतो आणि उतरवतो, म्हणून आपल्याला याचं नवल कमी वाटेल. पण फडाचा तंबू दर गावात तसाच उभा राहतो. प्राइस यांना तो दर वेळी वेगळा हवा होता.

पूर्व लंडनमध्ये ली नदीच्या खोऱ्यात जागा पाहिली गेली, पण परवानग्यांच्या फेऱ्यात योजना बारगळली. कल्पना मात्र पॅरिसला पोचली. १९७७ साली उघडलेल्या पॉम्पिदू केंद्रात रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांनी पाइप, सरकते जिने, सांगाडा सारं बाहेर काढलं आणि आतले मजले खांबांविना मोकळे ठेवले. गंमत पाहा, १९८५ मध्ये तिथल्याच संग्रहालयात गाए आउलेंती यांनी भिंती घालून दालनं केली. चित्रांना भिंत लागते, हे काही खोटं नाही. मोकळी जागा दिली म्हणजे लोक ती बदलत राहतीलच असं नसतं. प्राइस यांच्या कल्पनेतला कच्चा दुवा मला इथेच दिसतो.

त्यांनी स्वतः ती कल्पना लहान प्रमाणात बांधलीही. १९७० च्या दशकात, उत्तर लंडनच्या केंटिश टाउन भागात, 'इंटर-ॲक्शन सेंटर'. पोलादी सांगाडा आणि त्यात बसवलेल्या तयार केबिन. पुढे ही वास्तू वारसा म्हणून जपावी अशी मागणी झाली, तेव्हा विरोध केला तो खुद्द प्राइस यांनी. काम संपलं, आता पाडा! (इमारती पाडणाऱ्या कंत्राटदारांच्या संघटनेचे ते सभासदही होते.) काहींना हा विक्षिप्तपणा वाटेल. पण ज्यांची बांधून झालेली कामं मुळातच थोडी, त्यांनी असं म्हणायला छाती लागते.

२००३ साली ते केंद्र पाडलं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्राइस गेले.