पिनेपाशीच का तुटते?

हेडफोनची एक बाजू मुकी होते. पिनेजवळ वायर जरा वाकवून धरली की आवाज येतो, सोडली की जातो. आपण मुलांवर चिडतो, 'नीट वापरता येत नाही!' पण बिघडलेले चार-पाच हेडफोन गोळा करून पाहा. बरेचसे पिनेच्या मानेशीच तुटलेले आढळतील. सगळ्यांचा निष्काळजीपणा एकाच जागी कसा येईल? याचे उत्तर रेल्वेच्या इतिहासात आहे.

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस, म्हणजे चाके जोडणारा दांडा, तुटला. गाडी घसरून पेटली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. त्या काळी असे आस रोजचेच ओझे वाहताना अचानक मोडत. सततच्या हादऱ्यांनी चिवट लोखंडाचे ठिसूळ स्फटिक बनतात, असा तेव्हा समज होता. १८४३ मध्ये विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने वेगळे कारण मांडले. आसाची जाडी जिथे एकदम बदलते, त्या कोपऱ्यात भेग सुरू होते आणि हळूहळू आत सरकते. म्हणून कोपऱ्याला गोलाई द्या, असे त्याने सुचवले. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलर याने अनेक वर्षे प्रयोग करून दाखवले, की एका वेळी सहज पेलता येईल असे बलही पुनःपुन्हा लावले तर धातू तुटू शकतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

हेडफोनमध्ये ताठ पिन आणि मऊ वायर जिथे भेटतात, तो हाच कोपरा. वायरचे सारे वाकणे तिथे एकवटते.

ही पिनही जुन्याच घराण्यातली. १८७८ मध्ये अमेरिकेत न्यू हेवन येथे पहिले व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. मुंबईत ते १८८२ मध्ये आले. पुढे अशा एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर दिवसभर पिना काढून-घालून दोन ग्राहकांना जोडून देत. त्या पाव इंची पिनेचेच लहान रूप, ३.५ मिलिमीटरची पिन, १९७९ च्या वॉकमनमध्ये होते.

दिवसभर वाकणाऱ्या वायरीसाठी उपाय सापडला तो जर करणाऱ्यांच्या कलेसारखा. पैठणीच्या जरीत रेशमी धाग्यावर चपटी बारीक तार गुंडाळलेली असते. तसेच टेलिफोनच्या वायरीत सुती धाग्यावर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळत. यामागचे गणित सोपे आहे. १ मिलिमीटर जाडीची तार १० मिलिमीटर त्रिज्येत वाकवली, तर तिची बाहेरची बाजू सुमारे ५ टक्के ताणली जाते. पट्टी ०.०२ मिलिमीटर जाडीची असेल, तर ताण फक्त ०.१ टक्का. हेडफोनच्या वायरीतही केसासारख्या तारा आणि त्यांच्याबरोबर बहुधा धागा असतो, तो याच कुळातला.

आता दुरुस्ती. तुटलेल्या जागेपासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे वायर कापा. नव्या पिनेचे टोपण आधी वायरीत ओवून घ्या. हे विसरले की सगळे काम पुन्हा करावे लागते! आतल्या तारांवर रंगीत लेप असतो. तो वीज वाहू देत नाही आणि त्यावर डाखही धरत नाही. तो पॉलिश पेपरने हलकेच खरवडा, मग तारांना डाख लावा. पिनेचे टोक डाव्या कानासाठी, मधले कडे उजव्यासाठी आणि बुंधा दोन्हींच्या सामाईक तारेसाठी असतो. रंगांवर विसंबू नका, मल्टीमीटरने खात्री करा. जोड एकमेकांना टेकत नाहीत ना, तेही पाहा. शेवटी मानेवर रबरी नळी किंवा स्प्रिंग बसवा. रँकिनने सांगितलेली गोलाई ती हीच.

वर्गात करता येईल असा एक प्रयोग : कागद अडकवायच्या सारख्या क्लिपा घ्या. काही तीव्र कोनात, काही पेन्सिलीभोवती गोलाईत पुनःपुन्हा वाकवा आणि कोणती किती वेळा वाकल्यावर तुटते ते मुलांना मोजू द्या. पुढच्या वेळी हेडफोन बिघडला, की कोणाला रागवायचे याचा निर्णय मुलेच करतील.