डाक न वाहणारी तिकिटे

टपाल तिकीट म्हणजे राज्यसंस्थेची मोहोर, अशी आमची समजूत होती. पोलंडमधील ‘सॉलिडॅरिटी’ चळवळीच्या भूमिगत तिकिटांनी ती मोडली.

१३ डिसेंबर १९८१ रोजी जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारला आणि हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. त्यांतील काहींनी छावणीतच लिनोलियमच्या तुकड्यांवर ठसे कोरून ते पाकिटांवर उमटवले. बाहेर गुप्त छापखान्यांतून तिकिटे निघू लागली. त्यांवर किंमत छापलेली असे. पण सरकारी टपालखात्याच्या लेखी तिला काहीच मोल नव्हते. ती किंमत म्हणजे चळवळीला दिलेली वर्गणी आणि तिकीट ही तिची पावती.

अधिकृत इतिहासाने गाळलेले सारे या चिमुकल्या कागदांवर आले : १९४४चा वॉर्साचा उठाव, १९८४ साली गुप्त पोलिसांनी ठार केलेले धर्मगुरू पोपिएवूश्को, आणि कातिन. पोलिश अधिकाऱ्यांचे ते हत्याकांड जर्मनांनी १९४१मध्ये केले, असे सोव्हिएत सरकार सांगत आले होते. तिकिटांवर मात्र ‘कातिन १९४०’ असे छापले जाई. त्या वर्षी ते जंगल सोव्हिएतांच्या ताब्यात होते. तेव्हा नुसता आकडाच आरोप ठरे. मॉस्कोने कबुली दिली ती १९९० साली.

शिक्का नाही, टपालसेवा नाही, म्हणून ही तिकिटेच नव्हेत, असे काही संग्राहक म्हणतील. आम्हाला हा आक्षेप कोता वाटतो. फिकट शाई आणि वाकडी छपाई, एरवी ज्यांपायी आम्ही तिकीट बाजूला सारतो, इथे तीच आम्ही भिंगाखाली पुन्हापुन्हा धरतो.