पाणी तुडवणे
पाणी तुडवणे (क्रियापद) : साचलेल्या किंवा वाहत्या पाण्यातून पायी जाणे. जवळचे शब्द : नदी उतरणे, ओढा ओलांडणे, पाण्यातून वाट काढणे.

‘तुडवणे’मध्ये कष्ट आहेत, ‘उतरणे’मध्ये पैलतीर; ओढा मात्र पाय न भिजवताही ओलांडता येतो. पायी पार होण्याजोगी उथळ जागा म्हणजे ‘उतार’. अशी नदी पूर्वी ‘पायउतार’ म्हटली जाई. आज पायउतार होतात ते पदाधिकारी.

सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी खोली अंगानेच मोजतात : घोटाभर, गुडघाभर, कमरेएवढे, गळ्याएवढे. धोतर खोचायचे, चपला हातात घ्यायच्या, काठीने तळ चाचपायचा.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांची धोकापातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले. सखल वस्त्यांत तुडवणे संपले, होड्या आल्या.